हीटर विझायचा ते दिवस

जुलै लागला की बॅलरॅटमध्ये ग्लेनिस पॅस्कोचा फोन सकाळी साडेसहापासून वाजायला लागायचा, आणि तिला त्याचा कधी वैताग आला नव्हता. सत्तावीस वर्षं ती घरोघरचे हीटर दुरुस्त करत होती. यंत्र बिघडलंय म्हणून रडणाऱ्या दहा घरांपैकी चार घरांत यंत्र ठणठणीत असतं, हे तिला अनुभवाने ठाऊक होतं.

त्या मंगळवारीही टोस्टला व्हेजिमाईट फासता फासता तिने फोनवरच दोन घरं गरम करून दिली. पहिला गृहस्थ म्हणत होता, यंत्राचा आवाज येतो पण गरम हवा येत नाही. ग्लेनिसने विचारलं, एवढ्यात सोफा हलवलात का? हलवला होता, आणि नेमका जमिनीतल्या जाळीवर नेऊन ठेवला होता. दुसऱ्या घरातली बाई सांगत होती की हीटर दहा मिनिटं चालून आपोआप बंद पडतो. छतातल्या जाळीमागचा फिल्टर शेवटचा कधी धुतला होता, असं तिने विचारलं. तिथे फिल्टर असतो हेच त्या बाईला माहीत नव्हतं. आठ वर्षांची धूळ आणि दोन कुत्र्यांचे केस, असं थोड्या वेळाने तिनेच परत फोन करून कळवलं. वर हीटर आता छान चालतो, असंही सांगितलं.

तिसरा फोन मर्ल टॉनकिन नावाच्या बाईंचा होता. वय एक्याऐंशी. आवाज स्वच्छ, शब्द सावकाश. त्यांचा दिवाणखान्यातला गॅसचा हीटर मध्येच विझायचा. मे महिन्यात एक जण येऊन पायलटचं, म्हणजे बर्नर पेटवणाऱ्या कायम तेवत्या बारीक ज्योतीचं, तोंड साफ करून, एक सुटा भाग बदलून गेला होता. चार दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच.

"रोज विझतो?" ग्लेनिसने विचारलं.

"रोज नाही. मी लिहून ठेवलंय सगळं," मर्लबाई म्हणाल्या. मग पुढे सांगितलं, "हल्ली माझ्या डोक्यावर माझा भरवसा नाही, म्हणून लिहिते."

या वाक्यामुळे असेल किंवा ते वाक्य ज्या कोरडेपणाने आलं त्यामुळे असेल, ग्लेनिसने दहाचं दुसरं काम दुपारवर ढकललं आणि व्हॅन काढली.

घर जुन्या खाणकामगारांच्या वस्तीतलं होतं. लाकडी फळ्यांचं, पत्र्याचं छप्पर, पुढे अरुंद ओसरी. मागच्या बाजूला कधीतरी स्वयंपाकघर वाढवून ते दिवाणखान्याला मोकळं जोडलेलं होतं. गवतावर हिमाचा पांढरा थर अजून तसाच होता. वारा अजिबात नव्हता. ग्लेनिसची सवय अशी की यंत्राला हात लावायच्या आधी ती घर बघायची. दार उघडताना तिला जाणवलं की ते जड लागतंय. चौकटीला चारही बाजूंनी नवीकोरी रबराची पट्टी होती. आत पाऊल टाकताच गुदमरल्यासारखी उबदार हवा अंगावर आली, आणि सगळ्या खिडक्यांच्या काचा आतून घामेजलेल्या दिसल्या. काचेवरून ओघळ येऊन खालच्या लाकडी पट्टीवर थेंब साचले होते.

मर्लबाई उंच, हाडापेराने मोठ्या, पांढरे केस आखूड कापलेले. त्यांनी चहा ठेवते म्हणून सांगितलं, किटली उचलली, ती हातात घेऊन दिवाणखान्यात आल्या आणि मग आपण कशाला आलो ते न कळून उभ्या राहिल्या. ग्लेनिसने किटली अलगद त्यांच्या हातातून घेतली आणि चहा नंतर घेऊ म्हणाली. डोकं दुखतं का, असं तिने सहज विचारलं. मर्लबाईंनी सांगितलं की दुखतं, रोज सकाळी दोन गोळ्या घेते, या वयात काही ना काही दुखायचंच.

हीटर जुन्या शेकोटीच्या जागी बसवलेला होता. वीसेक वर्षांपूर्वीचा, त्याचा धूर मागच्या विटांच्या धुराड्यातून वर जाणारा. पायलट आणि बर्नर दोन्ही पेटलेले. ग्लेनिस गुडघ्यांवर बसली आणि ज्योत बघत राहिली. ज्योत निळी आणि ताठ असायला हवी. ही पिवळट होती, आळसावल्यासारखी डुलत होती. हीटरच्या वरच्या कडेला भिंतीच्या रंगावर तपकिरी छटा चढलेली होती. तिने बोट फिरवलं, बोटावर काजळी आली.

कमरेला लावलेला हवा तपासायचा मीटर तिने हातात घेतला. आकडा होता अकरा. तिच्या मते राहत्या घरात तो शून्य असायला हवा. ती उठली. आधी हीटर बंद केला, मग पुढचं आणि मागचं अशी दोन्ही दारं उघडली. थंड हवा घरात घुसली तशी मर्लबाईंनी तक्रार केली की मुलाने एवढ्या कष्टाने घर उबदार केलंय आणि तू ते बाहेर सोडतेयस. ग्लेनिसने त्यांना कोट चढवायला सांगितलं आणि ओसरीतल्या बाकावर नेऊन बसवलं. स्वतः शेजारी बसली.

"वही बघू तुमची," ती म्हणाली.

मर्लबाईंनी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम केलं होतं. कोणता कॉल किती वाजून किती मिनिटांनी जोडला ते लिहायची सवय बोटांत मुरलेली. वहीत रोजची चार वेळा नोंद होती, सकाळी सात, दुपारी साडेबारा, संध्याकाळी सहा, रात्री नऊ. चालू की विझला, आणि बाहेर वारा आहे की नाही. वाऱ्याचं का लिहिता म्हणून ग्लेनिसने विचारलं, तर म्हणाल्या की पहिल्या आठवड्यात असं वाटलं की वाऱ्यानेच ज्योत जाते, म्हणून लिहायला लागले.

ग्लेनिसने पानं उलटली. वाऱ्याच्या दिवशी हीटर विझलेला, बहुतेक जेवण रांधायच्या वेळी. वारा नसेल तेव्हा दिवसभर चालू. एवढं कळलं आणि ती वही मिटणार, तोच तिचं लक्ष अक्षराकडे गेलं. काही पानांवर अक्षर छापल्यासारखं होतं, सरळ रेषेत, प्रत्येक आकड्याला डौल. काही पानांवर ओळ खाली घसरलेली, शब्द अर्धवट, एके ठिकाणी तर साडेबारा दोनदा लिहून दोन्ही खोडलेले. तिने पुन्हा सुरुवातीपासून पानं चाळली, या वेळी फक्त अक्षर बघत.

ज्या दिवशी हीटर विझला होता त्या दिवसाचं अक्षर सुरेख होतं. चालू राहिला होता त्या दिवसाचं अक्षर कोसळलेलं होतं. बुधवारी दुपारची नोंद नसायची, संध्याकाळची मात्र वारा असो नसो, नेहमी चांगली.

"बुधवारी काय असतं?"

"पत्ते. चर्चच्या हॉलमध्ये युकर खेळतो आम्ही. दहाला जाते, चारला येते."

"आणि जिंकता?"

मर्लबाईंनी तिच्याकडे अशी नजर टाकली, जणू प्रश्नच अपमानकारक होता. मग त्यांनी सांगितलं की मेपासून त्या दोनदाच हरल्यात, आणि दोन्ही वेळा जोडीदारीण चुकली होती. हॉलमध्ये कोणाचा कोणता पत्ता पडला ते सगळं ध्यानात राहतं. घरी आल्यावर मात्र दुसऱ्या दिवशी भावाचं नाव आठवत नाही. डॉक्टर म्हणाले की स्मृतिभ्रंशात असं होतं, सुरुवातीला चढउतार असतात. गुरुवारी लिंडसे, म्हणजे मुलगा, त्यांना एका वृद्धनिवासात घेऊन जाणार होता. खोली बघून झाली होती. फक्त सही राहिली होती.

"माझी ना नाही," त्या म्हणाल्या. "गॅसवर रिकामं पातेलं तापत ठेवते मी. एक दिवस घराला आग लावीन. जायला हवं."

ग्लेनिसने वही मांडीवर ठेवली. तिचा आवाज कामाच्या वेळी असतो तसाच सपाट होता, पण ती मर्लबाईंकडे वळून, नीट तोंडाकडे बघून बोलली.

"मर्ल, मी डॉक्टर नाही, तेव्हा तुमच्या डोक्यात काय चाललंय ते मी सांगणार नाही. पण या घरात विषारी हवा साठतेय. कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नसतो, रंग नसतो. ती आत्ता माझ्या मीटरवर दिसली. त्याने डोकं दुखतं, माणूस गोंधळतो, विसरतो. आज तुम्ही दवाखान्यात जायचं, आत्ताच्या आत्ता, आणि रक्ताची तपासणी मागायची. उशीर केला तर रक्तातून ती निघून जाईल आणि काही सापडणार नाही."

मर्लबाईंनी कोटाची बटणं लावली. मग त्यांनी विचारलं ते हीटरबद्दल नव्हतं.

"म्हणजे मी वेडी होत नाहीये?"

"ते मला माहीत नाही. पण तुमची वही मला जे सांगतेय ते तुम्ही दवाखान्यात दाखवा."

ग्लेनिसने गॅस पुरवठा करणाऱ्या कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करून ठेवला आणि मग रुग्णवाहिकेला बोलावलं. रुग्णवाहिका यायला वीस मिनिटं लागणार होती. तेवढ्यात तिला एक गोष्ट पक्की करायची होती. आकडा दिसला हे खरं, पण का दिसला ते सिद्ध केल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं. मेमध्ये आलेल्या माणसानेही मीटर लावला असणार, आणि त्याला शून्य दिसला असणार. तो निष्काळजी होता असं मानायला ती तयार नव्हती. तो आला तेव्हा घरात काहीतरी वेगळं असणार.

मर्लबाईंना तिने व्हॅनच्या पुढच्या सीटवर बसवलं, पायांवर घोंगडी टाकली, इंजिन चालू करून गरम हवा सोडली. मग ती घरात शिरली आणि फिरायला लागली. जमिनीच्या फळ्यांमधल्या फटी काळजीपूर्वक भरलेल्या. भिंतीत वरच्या बाजूला हवेसाठी ठेवलेल्या दोन जाळ्या प्लॅस्टरने बुजवून वर रंग दिलेला, हात फिरवल्याशिवाय कळू नये इतका सफाईदार. खिडक्यांना रबर. स्वयंपाकघरात शेगडीवर चकचकीत नवा एक्झॉस्ट पंखा, मोठ्या ताकदीचा. तो चालूच होता, बारीक घूं करत. कोणीतरी त्याच्या बटणाशेजारी चिकटवलेली चिठ्ठी होती: आई, काचांना ओल आली की हा लावत जा.

ग्लेनिसने चिठ्ठी वाचली आणि तिला सगळं लख्ख उमगलं. काचांवरची ओल हीटरच्याच धुरातल्या वाफेची होती. बाई ओल घालवायला पंखा लावायच्या, पंखा घरातली हवा बाहेर ओढायचा, आणि सगळ्या फटी बंद असल्यामुळे घराला नवी हवा आत घ्यायला एकच वाट उरली होती, ती म्हणजे धुराडं. वर जायचा धूर उलटा खाली यायचा. त्याने काचा आणखी ओल्या व्हायच्या. मग बाई पंखा आणखी जोरात करायच्या. मेमधला माणूस आला तेव्हा पंखा बंद असणार.

वाऱ्याच्या दिवशी झोत इतका जोरात खाली यायचा की पायलटच विझायची आणि गॅस आपोआप बंद व्हायचा. घर गार पडायचं, मर्लबाई कुडकुडायच्या, पण डोकं ठिकाणावर यायचं. वारा नसलेल्या दिवशी हीटर शांतपणे पेटलेला राहायचा.

तिने दारं लावून घेतली, हीटर पुन्हा पेटवला, पंखा पूर्ण वेगाने लावला आणि मीटर हातात धरून हीटरशेजारी उभी राहिली. नाकापर्यंत मफलर ओढून काही उपयोग नसतो हे तिला माहीत होतं, म्हणून तिने घड्याळ लावलं, सात मिनिटं, त्याहून एक क्षणही जास्त नाही. चौथ्या मिनिटाला मीटर ओरडायला लागला.

त्याच वेळी पुढचं दार ढकलून एक पंचावन्नच्या आसपासचा माणूस आत आला. अंगावर लोकरीचा जाड स्वेटर, हातात गाडीची किल्ली. तो गुरुवारच्या तयारीसाठी जीलाँगहून आला होता, आई व्हॅनमध्ये घोंगडी पांघरून बसलेली बघून घाबरला होता, आणि घाबरलेला माणूस चिडतो तसा तो चिडला होता. आई थंडीत बाहेर आणि तुम्ही आत काय करताय, असं त्याने विचारलं. ग्लेनिसने आधी हीटर बंद केला, दारं उघडली, मग त्याला काय सापडलं ते चार वाक्यांत सांगितलं.

लिंडसे टॉनकिनने ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"हे मी ओळखतो," तो म्हणाला. "जुना हीटर बघायचा, विषारी आहे म्हणायचं, दुसऱ्या दिवशी नवा विकायचा. मे महिन्यात माणूस येऊन गेलाय. सगळं ठीक आहे म्हणाला."

"हीटर ठीकच आहे," ग्लेनिस म्हणाली.

तो गोंधळला. ग्लेनिस त्याच्याशी वाद घालत बसली नाही. खोटं ठरवायला निघालेल्या माणसाला समजावण्यात वेळ जातो, दाखवण्यात जात नाही, हे ती कधीच शिकली होती. हीटर विझलेला होता आणि गॅस बंद होता. तिने पिशवीतून धुराची काडी काढली. ही काडी पेटवली की नुसता पांढरा धूर येतो, हवा कुठे चालली आहे ते बघायला. ती त्याच्या हातात दिली, हीटरच्या वरच्या फटीशी धरायला सांगितली आणि स्वतः जाऊन पंखा बंद केला. दारं उघडीच होती. धूर फटीत ओढला गेला आणि धुराड्यातून वर नाहीसा झाला.

मग तिने दारं लावली आणि पंखा चालू केला.

धूर क्षणभर थबकला. मग तो फटीतून मागे वळला आणि लिंडसेच्या तोंडावर आला. त्याने काडी खाली आणली, पुन्हा वर धरली. पुन्हा तोंडावर. तिसऱ्यांदाही तेच.

तो शाळेत सुतारकाम शिकवायचा. ईस्टरच्या सुट्टीत सहा दिवस इथे राहून, गुडघ्यांवर बसून, त्याने एकेक फट भरली होती. आईला थंडी वाजते म्हणून. भिंतीतल्या जाळ्या त्यानेच बुजवल्या होत्या, कारण त्यांतून वारा यायचा. पंखा त्याने आईच्या वाढदिवसाला आणला होता. हे सगळं त्याने सांगितलं नाही, पण त्याची नजर जाळीच्या जागेवरून फळ्यांवर, फळ्यांवरून पंख्यावर फिरली, आणि ग्लेनिसला कळायला तेवढं पुरलं.

"मी," एवढंच तो म्हणाला, आणि शेकोटीच्या कट्ट्यावर बसला.

ग्लेनिसने पंखा बंद केला. दारं पुन्हा उघडली. लोकांना धीर देणं तिला फारसं जमायचं नाही, पण खरं सांगणं जमायचं.

"तुम्ही काम उत्तम केलंय," ती म्हणाली. "मी एवढं नीट बंद केलेलं जुनं घर कधी बघितलेलं नाही. हीटरलाही हवा लागते, हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आता सांगितलंय. आता उठा, आईबरोबर दवाखान्यात जा. ही वही घेऊन जा आणि डॉक्टरांना अक्षर बघायला सांगा. हीटर चालू होता ते दिवस आणि नव्हता ते दिवस."

लिंडसेने वही उघडली. तो बसल्या बसल्याच वाचायला लागला आणि बराच वेळ पान उलटेना. बाहेर रुग्णवाहिका येऊन थांबल्याचा आवाज झाला तेव्हा तो उठला.

मर्लबाई व्हॅनमधून स्वतःच्या पायांनी उतरल्या. रुग्णवाहिकेतल्या मुलीने स्ट्रेचर पुढे केलं तर त्यांनी ते नको म्हणून सांगितलं, कारण शेजारची बाई पडद्याआडून बघत होती. मुलाचा चेहरा बघून त्यांनी आधी त्याच्या गालावर हात ठेवला. तो काहीतरी बोलायला लागला, तेव्हा त्यांनी त्याला थांबवलं.

"लिंडसे, गेल्या वर्षी मी या घरात तीन स्वेटर घालून झोपत होते. रडू नकोस आणि गाडीत बस. आणि गुरुवारचं रद्द कर."

"आई, आधी तपासणी होऊ दे."

"तपासणी होऊ दे की. रद्द मात्र आत्ता कर. माझी सही आहे, माझं मी सांगतेय."

त्याने फोन काढला आणि आईच्या समोरच वृद्धनिवासाला कळवलं की गुरुवारी आम्ही येत नाही, पुढचं नंतर सांगतो.

ग्लेनिस मागे राहिली. गॅस कंपनीचा माणूस येईपर्यंत तिने गॅसचा कॉक बंद करून हीटरला लाल पट्टी बांधली, तिच्यावर तारीख आणि कारण लिहिलं. मग पिशवीतून छिन्नी काढून भिंतीतल्या दोन्ही जाळ्यांवरचं प्लॅस्टर काढलं. ते काम तिचं नव्हतं, आणि एवढं छान प्लॅस्टर फोडताना तिला वाईटही वाटलं. पण दिवस मावळायच्या आत या घराने श्वास घेतलेला तिला हवा होता. दुपारचं काम तिने संध्याकाळी केलं आणि उशीर का झाला ते त्या लोकांना सांगितलं. ऐकल्यावर त्यांनी स्वतःहून आपल्या घरातले पंखे लावून तपासणी करून घेतली. त्यांच्याकडे सगळं ठीक होतं.

दवाखान्यात रक्तात विषारी वायूचं प्रमाण निघालं, कमी झालेलं, तरी असायला नको तेवढं. मर्लबाईंना दोन दिवस ऑक्सिजन आणि देखरेखीत ठेवलं. डॉक्टरांनी वही बघितली, तिची छायाचित्रं काढून घेतली, आणि मेपासूनचं निदान बाजूला ठेवून सहा आठवड्यांनी पुन्हा सगळ्या चाचण्या करायचं ठरवलं. सगळं पहिल्यासारखं होईल असं आश्वासन त्यांनी दिलं नाही. लिंडसेने हे सगळं ग्लेनिसला फोनवर सांगितलं, आणि विचारलं की आता घरात काय बसवावं. ग्लेनिसने त्याला स्पष्ट सांगितलं की विजेवर चालणारा, गरम-गार दोन्ही करणारा एसी बसवा, त्यात काही जळत नाही, त्यामुळे घर हवं तेवढं बंद ठेवा. एसी ती स्वतः विकत नव्हती. बसवणाऱ्या तिघांची नावं दिली आणि त्यांना कोणते प्रश्न विचारायचे तेही लिहून दिलं.

ऑगस्टच्या अखेरीस एका शनिवारी दुपारी ती त्या घरी गेली, जुन्या हीटरची गॅसची वाहिनी कायमची बंद करून शिक्कामोर्तब करायला. मर्लबाईंच्या चाचण्या आदल्याच दिवशी झाल्या होत्या. तीस गुणांपैकी अठ्ठावीस, असं त्यांनी दार उघडताच सांगितलं, आणि जे दोन गेले त्यात पंतप्रधानाचं नाव विचारलं होतं, ते आठवत नाही असं नाही, घ्यायचं नव्हतं. जूनमधले काही आठवडे मात्र साफ पुसले गेले होते. भाचीच्या लग्नाला आपण गेलो होतो हे फोटो बघून मानावं लागत होतं. त्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज थोडा उतरला, मग त्यांनी विषय बदलला.

काचा कोरड्या होत्या. बाहेर वॅटलच्या झाडाला पिवळी फुलं फुटली होती. लिंडसे आत शिडीवर उभा राहून कसल्यातरी फळीला पॉलिश करत होता, आणि मायलेकांचं भांडण चाललं होतं. तो म्हणत होता की एसी वीसवर पुरेसा होतो. त्या म्हणत होत्या की तेवीस. तो म्हणत होता, तेवीसला घर भट्टी होतं. त्या म्हणत होत्या की भट्टी कोणाला म्हणतात ते मला सांगू नकोस, आणि शिवाय घर माझं, रिमोट माझा.

ग्लेनिसने वाहिनीवर टोपण घट्ट बसवलं, साबणाचं पाणी लावून बुडबुडा येत नाही ना ते दोनदा पाहिलं आणि कागदावर सही केली. दोघांनीही तिला साक्षीला ओढायचा प्रयत्न केला. वीस की तेवीस, तू सांग, तुला कळतं.

"मला हीटर कळतात," ती हत्यारं पिशवीत टाकत म्हणाली. "तुमचं तुम्ही बघा."

ती फाटकाशी पोचली तरी आतला वाद ऐकू येत होता. एकवीसवर यायची चिन्हं दिसत होती.